१८०० रुपयांत ‘पर्स्वेड’: तालुक्यातल्या स्पोकन इंग्लिश क्लासबद्दल

फी दोन महिन्यांची, १८०० रुपये. त्यातले निम्मे एकाच क्रियापदावर फिटले. बाकीचे निम्मे फिटले की नाही, ते पुढे लिहिते.

मी आशा आहे, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातलं गाव. क्लास तालुक्याच्या ठिकाणी, एका कृषी केंद्राच्या वरच्या माळ्यावर. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं कडूही आहे आणि त्याच रस्त्याने मला मीटिंगला जावं लागतं. आशाला इंग्रजी कशाला पाहिजे, असं घरातूनच पहिल्यांदा विचारणं झालं. ॲपमधले रकाने इंग्रजीत, प्रशिक्षणातल्या व्हिडिओतली पाटी इंग्रजीत, पोरगी सेमी इंग्रजीत, एवढं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “जाय बापा, पण पोळ्या करून जाय.”

जिना अरुंद आहे आणि खालच्या फवारणीच्या औषधांचा वास वरपर्यंत येतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक फळा, दोन पंखे, त्यातला एक नावापुरता. संध्याकाळच्या बॅचला वय पाहत नाहीत, ही पहिली चांगली गोष्ट. माझ्यासोबत एक ग्रामरोजगार सेवक, मोबाइल दुकानातली दोन पोरं, संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळणारा एक तरुण, एक बागायतदार आणि सत्तरी ओलांडलेले एक काका होते. काकांची नातवंडं बंगलोरला असतात आणि फोनवर इंग्रजीतच बोलतात. काकांना भाषण ठोकायचं नव्हतं, नातवाला “जेवला का” याच्या पुढचं काहीतरी विचारायचं होतं.

सर कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालेले. त्यांची पद्धत उलटी आहे. फळ्यावर आधी मराठी वाक्य लिहितात, तेही आपल्या बोलीतलं, आणि मग विचारतात की हे इंग्रजीत कुठं अडते. क्लासतर्फे झेरॉक्स नोट्सचा एक गठ्ठा मिळतो, त्याचे वेगळे पैसे. त्या गठ्ठ्यात क्रियापदांची यादी आहे आणि तिच्यात छापलं आहे: ‘पर्स्वेड म्हणजे समजावणे’. सरांनी पहिलं काम काय केलं, तर सगळ्यांना पेन काढायला लावून ती ओळ खोडायला लावली. क्लासचे मालक तेव्हा बाजूच्याच खोलीत पावत्या फाडत होते.

खोडायचं का, ते ग्रामरोजगार सेवकाच्या वाक्यातून निघालं. तो म्हणाला, “आय पर्स्वेडेड हिम, बट ही डिड नॉट लिसन.” सरांनी फळ्यावर त्याचं मराठी लिहिलं: मी त्याले भल्लं समजावलं, पण तो आयकूनच नाही राहिला. मराठीत एकदम बरोबर. समजावणं आपल्या हातात, ऐकणं त्याच्या हातात, दोन्ही एका वाक्यात सुखाने नांदतात. इंग्रजीत नांदत नाहीत. पर्स्वेड म्हटलं की समोरचा तयार झाला, हे त्यातच आलं. तयार झाला नसेल तर ‘आय ट्राइड टू पर्स्वेड हिम’ म्हणायचं, नाहीतर ‘अर्ज्ड’ किंवा ‘ॲडव्हाइज्ड’ वापरायचं. त्या दोन क्रियापदांना समोरच्याने ऐकलं की नाही याच्याशी देणंघेणं नाही.

हे बाकीच्यांना डोक्यात उतरवायला वेळ लागला. मला लागला नाही, कारण हे क्रियापद आमच्या मोबदल्याच्या तक्त्यासारखं चालतं. एखाद्या बाईच्या घरी मी किती चकरा मारल्या, तिच्या नवऱ्याशी कितीदा बोलले, सासूच्या शिव्या किती खाल्ल्या, याचा रकाना तक्त्यात नाही. बाळंतपण दवाखान्यात झालं, तर केस माझ्या नावावर लागली. रस्त्यात ॲटोत झालं, तर सगळी मेहनत माझी आणि रकाना कोरा. आता महिन्याची काही ठरावीक रक्कमही मिळते, पण २००५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हापासून कामामागे मोबदला हाच तिचा पाया आहे. आमच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई महिन्याच्या शेवटी विचारतात ते “समजावलं का” नाही, “झालं का” असं विचारतात. सरांना मी हे सांगितलं तर त्यांनी खडू खाली ठेवला आणि पुन्हा सगळं वर्गाला सांगायला लावलं. मराठीतच.

व्याकरण त्यांनी वाक्यांतूनच दिलं. पर्स्वेडनंतर माणूस लागतोच. ‘शी पर्स्वेडेड टू गो’ म्हणून चालत नाही, कोणाला ते सांगावं लागतं. मराठीत आपण “समजावून पाठवलं” म्हणून कर्म गिळून टाकतो, इंग्रजी गिळू देत नाही. माणसानंतर ‘टू’ आणि साधं क्रियापद: ‘आय पर्स्वेडेड हर टू गो टू द हॉस्पिटल’. ‘फॉर गोइंग’ नाही. आमच्याकडच्या दहातल्या आठ जणांच्या तोंडी ते ‘फॉर गोइंग’च येतं, कारण मनात “जाण्यासाठी” असतं. नकार असेल तर ‘नॉट’ हे ‘टू’च्या आधी: ‘पर्स्वेड हिम नॉट टू सेल’. ‘इनटू’ आला तरच पुढे ‘इंग’चं रूप: ‘पर्स्वेडेड हिम इनटू सेलिंग’. आणि गोष्ट फक्त पटवायची असेल तर ‘दॅट’. परावृत्त करायचं असेल तर ‘डिस्वेड’, आणि त्याला ‘टू’ चालतच नाही, ‘फ्रॉम’ लागतो. मोबाइल दुकानातल्या पोराने लगेच वाक्य केलं, “माय फादर डिस्वेडेड मी फ्रॉम बाइंग अ बुलेट.” बापाचं काम फत्ते झालेलं होतं, म्हणून वाक्यही बरोबर.

उच्चाराचा एक रोग सगळ्यांना होता: ‘पर्सुएड’. तो ‘पर्स्वेड’ आहे, दोनच तुकडे, आणि जोर दुसऱ्यावर. दुसरा रोग कागदावरचा. सरकारी पत्रात ‘परस्यू’च्या जागी पर्स्वेड लिहितात. सरांनी नमुना म्हणून वाक्य लिहिलं, ‘काइंडली पर्स्वेड द मॅटर’. ग्रामरोजगार सेवक हसला, म्हणाला असं पत्र त्याने पाहिलेलं आहे. पाठपुरावा करायचा असतो तो विषयाचा, तिथे परस्यू. पर्स्वेड होतो तो माणूस. विषयाचं मन वळत नाही, बाबूचं वळलं तर वळते.

मग ‘कन्व्हिन्स’. हा शब्द आपण मराठीतच वापरतो. आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये “लाभार्थ्याला कन्व्हिन्स करा” असतंच असतं. सरांनी जुना नियम सांगितला: कन्व्हिन्स डोक्यापर्यंत, पर्स्वेड पायांपर्यंत. म्हणजे एखादी गोष्ट खरी आहे हे पटवलं तर कन्व्हिन्स, त्यापुढे ‘ऑफ’ किंवा ‘दॅट’. काही करायला लावलं तर पर्स्वेड, त्यापुढे ‘टू’. आता अमेरिकेत ‘कन्व्हिन्स हिम टू गो’ सर्रास म्हणतात, आणि ते चूक धरू नये हेही त्यांनी सांगितलं. पण फरक कळला पाहिजे. मूळ लॅटिन पाहिलं तर कन्व्हिन्समध्ये जिंकणं आहे. ‘कन्व्हिक्ट’ म्हणजे गुन्हा शाबीत झालेला, तोही याच घरातला. पर्स्वेडचं मूळ मात्र गोडाशी जाऊन भिडतं. लॅटिन ‘स्वादेरे’ म्हणजे सल्ला देणं, गोष्ट गोड करून सांगणं. संस्कृतातला ‘स्वादु’ आणि इंग्रजीतला ‘स्वीट’ त्याचे भाऊबंद. काका म्हणाले, “म्हन्जे एक हरवून आनते, न एक गोडीगुलाबीनं.”

या फरकावर मी वहीत माझं वाक्य लिहिलं, आणि ते सांगितल्यावर वर्गातले सगळे पुरुष एकदम खाली पाहायला लागले. बिनटाक्याची पुरुष नसबंदी सोपी आहे, टाका नाही, त्याच दिवशी घरी येता येतं, बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा धोका कमी. हे मी गावात ज्या ज्या नवऱ्याला सांगितलं त्याला पटलं. मान हलवून “बरोबर हाय ताई” म्हणाला. आणि कॅम्पला गाडीत बसली ती बायको. ‘ही वॉज कन्व्हिन्स्ड. ही वॉज नॉट पर्स्वेडेड.’ सरांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या.

नसबंदीचा विषय निघाला म्हणून काकांनी आणीबाणीतलं १९७६ काढलं. “वुई वेअर पर्स्वेडेड,” असं ते म्हणाले आणि स्वतःच फस्सकन हसले. त्या वर्षी मास्तर, तलाठी, सगळ्यांच्या डोक्यावर केसेसचा आकडा होता. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. सर म्हणाले, “काका, तिथं पर्स्वेड नाही चालणार. वुई वेअर फोर्स्ड. नाहीतर वुई वेअर मेड टू.” माणूस कॅम्पला गेला, शस्त्रक्रिया झाली, म्हणजे काम फत्ते झालं. पण पर्स्वेडमध्ये समोरच्याने स्वतः हो म्हटलेलं असावं लागतं. तेच नसेल तर नुसत्या निकालावरून क्रियापद लावता येत नाही. १९९६ पासून वरून येणारी लक्ष्यं काढली गेली, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. मीटिंगमध्ये “अपेक्षित काम” म्हणून एक आकडा असतो, तो काय ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

या क्लासमधलं सगळ्यात चांगलं काय, तर जोड्या लावून बोलायला लावणं. इतर ठिकाणी यात हॉटेलचा मॅनेजर आणि विमानतळावरचा प्रवासी असतात म्हणे. आमच्यात व्यापाऱ्याकडचा तरुण आणि बागायतदार समोरासमोर बसवले. विषय: आंबिया बहाराची बाग उभी विकायची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचं संत्रं झाडावरच असताना द्यायचं. तरुणाने सुरुवातच केली, “सर, आय पर्स्वेड यू टू सेल युअर गार्डन.” सरांनी तिथेच थांबवलं. ‘गार्डन’ला त्यांनी ‘ऑर्चर्ड’ करून घेतलं, पण थांबवलं ते दुसऱ्याच कारणाने. ‘आय प्रॉमिस यू’ म्हटलं की वचन दिलं गेलं, बोलणं हेच काम. ‘आय पर्स्वेड यू’ असं समोरच्याच्या तोंडावर म्हणता येत नाही. ते झालं की नाही हे तू ठरवणारा कोण, समोरचा ठरवेल. फार तर ‘लेट मी ट्राय टू पर्स्वेड यू’. हे मला कोणत्याही पुस्तकाआधी त्या खुर्चीत बसून कळलं, आणि पक्कं कळलं.

पुढचा सौदा ऐकण्यासारखा होता. तरुण म्हणे झाडाखाली पाहा किती फळ गळून पडलं आहे, आमच्या व्यापाऱ्याला भाव परवडत नाही. बागायतदार म्हणे “फ्रूट ऑन ग्राउंड इज नॉट युअर्स, फ्रूट ऑन ट्री इज युअर्स, काउंट द ट्री.” इंग्रजीचे हातपाय मोडलेले, पण सौदा खरा. दहा मिनिटांनी दोघंही इंग्रजी विसरून वऱ्हाडीत आले आणि इसार किती द्यायचा यावर आवाज चढले. सरांनी बागायतदाराला विचारलं, “सो, वेअर यू पर्स्वेडेड?” तो म्हणाला, “नो सर. ही ओन्ली टॉक्ड.” वर्गात टाळ्या.

माझी पाळी आली तेव्हा मी खरी गोष्टच सांगितली. एका बाळाला दीड महिन्याची पेंटा, म्हणजे पाच आजारांवरची एकच लस, दिली आणि त्याच रात्री ताप आला. येतो, बऱ्याच बाळांना थोडा येतो, पॅरासिटामॉलने उतरतो. पण अडीच महिन्यांच्या डोससाठी गेले तर आजी दारातच. “तू म्हनशीन तसं, पन रातभर पोरगं रडलं त मांडीवर घेऊन कोन बसलं होतं, तू का मी?” बाळाची आई कापूस वेचणीला गेलेली. वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी सातला मेटाडोरमध्ये बसून जातात आणि आमचं लसीकरण सत्र दहाला सुरू होतं, त्यामुळे निर्णय आजीच्याच हाती. मी धनुर्वात सांगितला, घटसर्प सांगितला, डांग्या खोकला खोकूनच दाखवला. आजी तुरीच्या डाळीतले खडे वेचत राहिली. मी पण बाजूला बसून वेचायला लागले, कारण उठून आले असते तर सत्र संपलं असतं. तेवढ्यात शेजारची बाई अंगणात आली, कडेवर तिचं पोरगं. तिने फक्त एवढं म्हटलं, “माय, याले बी आला होता ताप. दुसऱ्या डोसले त आला बी नाही.” आजीने सूप बाजूला ठेवलं, बाळाला टोपडं घातलं आणि चालायला लागली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे मी इंग्रजीत सांगताना ‘आय पर्स्वेडेड द ग्रँडमदर’ असं केलं नाही. ‘शी वॉज पर्स्वेडेड बाय हर नेबर’ असं म्हटलं. सर म्हणाले, “आशाताई, हे वाक्य परीक्षेत लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते.” मोबदला माझ्या नावावर लागला, हे मी इंग्रजीत सांगितलं नाही. शेजारणीच्या घरी तीळसंक्रांतीला दोन लाडू जास्त दिले.

बाकी अभ्यासक्रमाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. काळ, प्रश्न करणं, स्वतःची ओळख, फोनवरचं बोलणं, हे सगळीकडे असतं तसंच. ऐकण्याच्या तासाला छोटा स्पीकर लावतात, त्यातून खालच्या दुकानातला हमालच जास्त ऐकू येतो. लिहिण्याचा सराव कमी पडतो. अर्ज, रिपोर्ट, मेसेज हे ज्यांना लिहायचं आहे त्यांनी सरांना वेगळं थांबून विचारावं. ते थांबतात, त्यांना घाई नसते. घाई आपल्याला असते, एसटीची.

आता कडू. क्लास सरांचा नाही, मालकांचा आहे, आणि मालकांना दुसऱ्या लेव्हलची घाई फार. पहिली अर्धी होत नाही तोच “ताई, आजच पूर्ण पैसे भरा, उद्यापासून फी वाढते” असा रोज फोन. सूट आजच संपणार होती, ती पुढच्या आठवड्यातही आजच संपणार होती. मी पावती मागितली तर छापील पावतीबुक संपलं म्हणून कोऱ्या कागदावर सही करून दिली. छापील हवी म्हणून तीनदा मागे लागावं लागलं, तेव्हा कुठे मिळाली. एका बाईला तिच्या पोराच्या दहावीच्या निकालाची भीती घालून तिच्याकडून वर्षाचे पैसे एकदम घेतले, आणि पोरगा नंतर येईनासा झाला तर परत द्यायला नकार. आमच्या वर्गात यावर चर्चा झाली की इथे कोणतं क्रियापद लागतं. ‘पर्स्वेडेड’ की ‘टॉक्ड इनटू’? सर म्हणाले, टॉक्ड इनटूमध्ये माणूस तयार होतो, पण बोलणाऱ्याच्या रेट्याने, आणि नंतर बहुतेक पस्तावतो. नाव कोणाचं घेतलं नाही. बाजूच्या खोलीतून काही आवाजही आला नाही.

मी दुसरी लेव्हल घेतली नाही. सर स्वतंत्र शिकवायला लागले तर पुन्हा जाईन.

बायांसाठी दोन गोष्टी. स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर आहे, कुलूप असतं, किल्ली कृषी केंद्राच्या गल्ल्यावर मागावी लागते. दुकानदार देतो, तोंड वाकडं करत नाही, पण सातनंतर दुकान बंद झालं की किल्लीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून साडेसहाची बॅच घेऊ नका, साडेपाचची घ्या, तिच्यात सुटल्यावर शेवटची एसटीही मिळते. फी एका महिन्याचीच भरा, मागे लागलात तर घेतात. छापील पावती त्याच दिवशी. नोट्सच्या गठ्ठ्यावर पैसे घालू नका, चांगली जाड वही घ्या, सर फळ्यावर लिहितात तेच कामाचं आहे. आणि जमलं तर वेचणीच्या आणि आंबियाच्या तोडणीच्या हंगामात नाव घाला. तेव्हा अर्धा वर्ग शेतात असतो, खुर्च्या रिकाम्या असतात, आणि प्रत्येकाची पाळी संध्याकाळी दोनदा येते.